सी हॅरियर: हवेत थांबणाऱ्या विमानाचा भारतीय नौदलातला प्रवास (१९८३ ते २०१६)

तुमच्यापैकी कुणी विमानाने गोव्याला गेलं असेल आणि दाबोळी विमानतळावर उतरलं असेल, तर ती धावपट्टी नौदलाची आहे हे तुम्हाला माहीत होतं का? दाबोळी हा नौदलाचा हवाई तळ आहे आणि त्याचं नाव आयएनएस हंसा. प्रवासी विमानं तिथे नौदलासोबत धावपट्टी वापरतात. याच धावपट्टीवर १६ डिसेंबर १९८३ रोजी ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत आलेली तीन लढाऊ विमानं उतरली. ती होती सी हॅरियर. हे विमान हवेत एका जागी थांबू शकायचं आणि लिफ्टसारखं सरळ खाली उतरायचं.

मी मूळचा पाचोऱ्याचा, म्हणजे समुद्रापासून तसा लांबचा माणूस. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. या विमानाच्या गोष्टीत मला जास्त रस वाटला तो एका कारणाने. तुमचा फोन चांगला चालू असतो, पण कंपनी अपडेट बंद करते, दुकानात त्याचा डिस्प्ले मिळेनासा होतो आणि चांगला फोन हळूहळू निकामी होतो. सी हॅरियरचं जवळपास असंच झालं. फरक एवढाच की इथे आत माणूस बसलेला होता. चला तर मग, सविस्तर जाणून घेऊया.

सी हॅरियर: थोडक्यात माहिती

- प्रकार: विमानवाहू नौकेवरून उडणारं लढाऊ विमान
- भारतातलं मॉडेल: एफआरएस मार्क ५१ (एक आसनी) आणि टी मार्क ६० (दोन आसनी, प्रशिक्षणासाठी)
- इंजिन: रोल्स रॉइस पेगासस, एकच
- लांबी: सुमारे १४.५ मीटर, म्हणजे एसटी बसपेक्षा थोडी जास्त
- पंखांची रुंदी: सुमारे ७.७ मीटर
- स्क्वाड्रन: आयएनएएस ३००, टोपणनाव व्हाइट टायगर्स
- तळ: आयएनएस हंसा, दाबोळी, गोवा
- नौका: आयएनएस विक्रांत (जुनी) आणि आयएनएस विराट
- भारतात आगमन: १९८३, निवृत्ती: २०१६

सी हॅरियरच्या आधी काय होतं?

भारताची पहिली विमानवाहू नौका म्हणजे आयएनएस विक्रांत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचं बांधकाम सुरू झालं आणि युद्ध संपल्यावर अर्धवट राहिलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचली.

तिच्यावर दोन प्रकारची विमानं असायची. एक ब्रिटिश बनावटीचं जेट, सी हॉक. दुसरं फ्रेंच बनावटीचं अलिझे, जे पाणबुड्या शोधायचं. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. पुढच्या दिवसांत चितगाव, खुलना, मोंगला या भागातली बंदरं आणि जहाजं त्यांनी लक्ष्य केली. १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली. सी हॅरियर दाबोळीला उतरलं ते बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला.

पण सत्तरच्या दशकात सी हॉक जुनं झालं होतं आणि त्याच्या जागी काय आणायचं हा मोठा प्रश्न होता.

अडचण: जहाज लहान, विमान मोठं

विक्रांतची लांबी साधारण २१३ मीटर. आपल्या पाचोरा स्टेशनात एखादी लांब पल्ल्याची एक्सप्रेस थांबली की तिचे नऊ डबे मोजा, जवळपास तेवढीच ही नौका. आता कल्पना करा, त्या नऊ डब्यांच्या लांबीत जेट विमान उडवायचंय आणि परत उतरवायचंय. तेही हलत्या जहाजावर.

सी हॉकच्या काळात यावर दोन उपाय होते. उडताना कॅटापुल्ट, म्हणजे वाफेच्या जोरावर विमानाला पुढे फेकणारी यंत्रणा. समजा, मोठी गलोल. आणि उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या तारा. विमानाच्या शेपटीखालचा हूक त्या तारेत अडकतो आणि विमान काही क्षणांत थांबतं.

पण नवीन सुपरसॉनिक जेट जड होती. त्यांना मोठी कॅटापुल्ट आणि मोठं जहाज लागायचं. तसं जहाज आपल्याकडे नव्हतं. म्हणून जहाज मोठं करण्याऐवजी विमानच वेगळं निवडायचं, हा मार्ग पुढे आला. १९७२ मध्ये विक्रांतच्या डेकवर हॅरियरचं प्रात्यक्षिक झालं होतं. पुढे १९७९ मध्ये भारताने सहा सी हॅरियर आणि दोन प्रशिक्षण विमानांची पहिली ऑर्डर दिली.

हे विमान हवेत थांबायचं कसं?

साध्या जेटमध्ये इंजिनाची गरम हवा मागून बाहेर पडते आणि विमान पुढे जातं. पेगासस इंजिनाला मात्र मागे एक तोंड नाही, दोन्ही बाजूंना मिळून चार तोंडं आहेत. त्यांना नोझल म्हणतात. कॉकपिटमधल्या एका दांड्याने पायलट ही चारही नोझल एकदम फिरवतो. मागे वळवली की विमान पुढे पळतं. खाली वळवली की तीच हवा विमानाला वर उचलून धरते.

आता प्रश्न येतो तोल सांभाळायचा. विमान पुढे जात असतं तेव्हा पंख आणि शेपटीवरून हवा वाहते, त्यामुळे ते वळवता येतं. जागेवर थांबलेल्या विमानाच्या पंखांवरून हवा वाहतच नाही. म्हणून नाक, शेपटी आणि पंखांची टोकं इथे छोटी छिद्रं ठेवलेली असतात. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा त्यातून फुसफुसत सोडायची आणि तोल सांभाळायचा. आजच्या ड्रोनमध्ये हे काम चिप आणि सेन्सर करतात. सी हॅरियरमध्ये बरंचसं काम पायलटच्या हातापायांवर होतं. एक हात स्टिकवर, दुसरा हात थ्रॉटल आणि नोझलच्या दांड्यावर, शिवाय नजर जहाजावर.

चाकंही वेगळी. पोटाखाली एका ओळीत पुढे-मागे मुख्य चाकं आणि पंखांच्या टोकांना दोन लहान चाकं. लहान मुलं सायकल शिकताना बाजूला आधाराची चाकं लावतात ना, अगदी तसंच.

मग सरळ वरच का उडत नव्हतं?

हा गैरसमज खूप जणांचा असतो. सी हॅरियर सरळ वर उडू शकायचं, पण रोज तसं उडायचं नाही. याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. इंजिनाचा जोर अंदाजे ९,७५० किलो वजन उचलण्याइतका. इंधन, क्षेपणास्त्रं आणि बॉम्ब घेऊन पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन ११,९०० किलोपर्यंत जायचं. म्हणजे भरलेलं विमान केवळ इंजिनाच्या जोरावर वर उचललंच जाणार नाही.

म्हणून स्की-जंप आली. जहाजाच्या पुढच्या टोकाला डेक वरच्या बाजूला वळवलेला असतो. ही कल्पना ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर या अधिकाऱ्याची. विमान डेकवर थोडं धावतं, त्या चढावरून हवेत फेकलं जातं आणि पायलट नोझल तिरकी खाली वळवतो. त्या क्षणी विमानाचा वेग पुरेसा नसतो. पण ते वरच्या दिशेने निघालेलं असल्यामुळे वेग पकडायला काही सेकंद मिळतात. थोडं वजन नोझल उचलतात, बाकीचं हळूहळू पंख घेतात. जुन्या विक्रांतवर १९८९ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत स्की-जंप बसवली गेली आणि कॅटापुल्ट काढलं गेलं. याचा एक परिणाम असा झाला की कॅटापुल्टवर अवलंबून असलेल्या अलिझेला जहाजावरून उडता येईना. ती विमानं पुढे जमिनीवरूनच उडाली आणि नव्वदीच्या सुरुवातीला निवृत्त झाली.

उतरताना क्रम उलटा असायचा. बाकीची विमानं आधी उतरतात आणि मग थांबतात. सी हॅरियर आधी थांबायचं आणि मग उतरायचं. जहाजाच्या डाव्या बाजूला, जहाजाच्याच वेगाने हवेत तरंगत राहायचं. मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि खाली टेकायचं. ना हूक, ना तारा.

उन्हाळा आणि इंजिन

जळगाव जिल्ह्यातला मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात गेम खेळायला बसलात तर फोन तापून आपोआप मंद होतो. जेट इंजिनालाही गरमी मानवत नाही. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनात हवेचं वस्तुमान कमी जातं आणि जोर घटतो. इंजिनाचे कागदावरचे आकडे साधारण १५ अंश तापमान धरून दिलेले असतात. हे विमान मुळात थंड अटलांटिकसाठी बनलेलं होतं आणि आपण ते अरबी समुद्रात वापरत होतो.

यावर एक उपाय विमानातच होता. पाण्याची छोटी टाकी. हवेत थांबताना इंजिनात पाणी फवारलं जायचं. ते पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे इंजिन जास्त न तापता जास्त जोर देऊ शकतं. आपल्या घरातल्या कूलरचं तत्त्व ओळखीचं असेल तर हे लगेच कळेल. पण टाकीतलं पाणी जेमतेम दीड मिनिट पुरायचं. तेवढ्यात उतरून मोकळं व्हायचं.

वजनाचाही प्रश्न होताच. उतरताना विमान हलकं हवं. त्यामुळे मोहिमेत न वापरलेली शस्त्रं किंवा उरलेलं इंधन कधी कधी समुद्रात सोडून द्यावं लागण्याची वेळ यायची.

भारतातली वाटचाल: विक्रांत ते विराट

पहिल्या तुकडीचं नेतृत्व अरुण प्रकाश यांनी केलं. १९७१ च्या युद्धात ते हवाई दलाच्या हंटर स्क्वाड्रनसोबत लढले होते आणि त्यांना वीरचक्र मिळालं होतं. पुढे त्यांनी आयएनएस विराटचं नेतृत्व केलं आणि २००४ ते २००६ या काळात ते नौदलप्रमुख होते.

दाबोळीला पोहोचल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर १९८३ मध्येच, सी हॅरियर विक्रांतच्या डेकवर उतरलं. १९८५ मध्ये आणखी दहा विमानांची खरेदी ठरली. पुढच्या वर्षांत प्रशिक्षण विमानं धरून एकूण सुमारे ३० हॅरियर भारताकडे आली.

१२ मे १९८७ रोजी आयएनएस विराट नौदलात आली. ही नौका म्हणजे ब्रिटनची एचएमएस हर्मिस. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका होती आणि तिच्यावरही सी हॅरियरच होती. त्या युद्धात ब्रिटिश सी हॅरियरनी अर्जेंटिनाची २० विमानं पाडली. हवेतल्या लढतीत मात्र त्यांचं एकही विमान पडलं नाही. म्हणजे भारताला विमानही सिद्ध झालेलं मिळालं आणि त्याला साजेशी नौकाही. १९९७ मध्ये विक्रांत निवृत्त झाली आणि त्यानंतर तब्बल १६ वर्षं विराट ही भारताची एकमेव विमानवाहू नौका होती.

भारतीय सी हॅरियरच्या नावावर प्रत्यक्ष युद्धातला हल्ला नाही. त्यांचं काम होतं ताफ्यावर हवाई संरक्षणाचं छत्र धरणं आणि नौदलाच्या पायलटांना जहाजावरून जेट उडवण्याचं कसब टिकवून ठेवणं. २००५ आणि २००७ च्या मलबार सरावांत विराटसोबत ती अमेरिकन नौकांच्या बाजूने उडाली.

अपग्रेड: जुन्या बॉडीत नवीन रडार

१९८३ च्या सी हॅरियरमध्ये ब्लू फॉक्स नावाचं रडार होतं आणि जवळून मारा करणारं फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्र. २००० नंतर लढाई बदलली. शत्रूचं विमान डोळ्यांना दिसायच्या आधीच लांबून क्षेपणास्त्र सोडलं जाऊ लागलं. त्यामुळे उरलेल्या पंधरापर्यंत विमानांमध्ये इस्रायलचं एल्टा २०३२ रडार आणि लांब पल्ल्याचं डर्बी क्षेपणास्त्र बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. या कार्यक्रमाच्या नावातच ‘मर्यादित अपग्रेड’ हे शब्द होते. रडार नवीन झालं, पण सांगाडा आणि इंजिन तेच. फोनच्या भाषेत सांगायचं तर कॅमेरा बदलला, बॅटरी आणि मदरबोर्ड जुनेच.

सपोर्ट संपतो तेव्हा

आता या गोष्टीतला खरा महत्त्वाचा भाग. मार्च २००६ मध्ये ब्रिटिश नौदलाने स्वतःची सी हॅरियर निवृत्त केली. त्या दिवसापासून जगात हे विमान वापरणारा भारत एकटा उरला. जे विमान दुसरं कुणीच वापरत नाही, त्याचे सुटे भाग कोणता कारखाना बनवणार?

त्याच वर्षी भारताने ब्रिटनची आठपर्यंत निवृत्त विमानं घ्यायचा विचार केला. ती सुधारित एफए टू प्रकारची होती. पण देऊ केलेल्या विमानांतून त्यांचं आधुनिक ब्लू व्हिक्सन रडार वगळलं जाणार होतं, अमेरिकन अॅमराम क्षेपणास्त्र वापरायची सोय मिळणार नव्हती आणि काही अमेरिकन सॉफ्टवेअरही पाठवण्याआधी काढलं जाणार होतं. वर दुरुस्तीचा खर्च वेगळा. व्यवहार झाला नाही.

सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. पैसे भरून विमान आपल्या नावावर होऊ शकतं. पण त्याच्या आतला कोड कोण बदलू शकतो आणि त्याचा सुटा भाग कोण बनवू शकतो, यावर ते किती काळ उडेल हे ठरतं.

याची किंमत पायलटांनी मोजली. ऑगस्ट २००९ मध्ये गोव्याजवळ समुद्रात एक सी हॅरियर कोसळलं आणि तपासणीसाठी सगळी विमानं काही काळ जमिनीवर ठेवली गेली. त्या वेळच्या बातम्यांनुसार तोपर्यंत १७ अपघात झाले होते आणि सात पायलटांचा जीव गेला होता. बहुतेक अपघात नेहमीच्या सरावातले. जवळपास निम्मा ताफा असाच गेला. प्रत्येक अपघाताला जुने सुटे भाग जबाबदार होते असं अजिबात नाही. एकच इंजिन, जागेवर थांबताना चुकीला जागा नाही, ही या विमानाची मूळ जोखीम होती आणि ब्रिटनमध्येही ती होतीच. पण विमानं कमी झाली की उडण्याचे तास कमी होतात, तास कमी झाले की सराव कमी होतो आणि अशा अवघड विमानासाठी सराव हाच पायलटचा विमा असतो.

निवृत्ती आणि त्यानंतर

६ मार्च २०१६ रोजी विराटच्या डेकवरून सी हॅरियरचं शेवटचं उड्डाण झालं. ११ मे २०१६ रोजी आयएनएस हंसावर निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याच दिवशी व्हाइट टायगर्स स्क्वाड्रनने रशियन मिग-२९के स्वीकारलं. बरोबर एका वर्षाने, ६ मार्च २०१७ ला विराटही निवृत्त झाली आणि पुढे गुजरातमधल्या अलंगला तोडायला गेली. जुनी विक्रांत त्याआधीच २०१४ मध्ये भंगारात गेली होती. तिच्या पोलादाचा वापर करून बजाजने २०१६ मध्ये व्ही १५ ही मोटरसायकल काढली. ती तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल.

मिग-२९के हवेत थांबत नाही. ते स्की-जंपवरून उडतं आणि हूकने तार पकडून उतरतं. म्हणजे सी हॉकच्या काळातल्या तारा परत आल्या, स्की-जंप मात्र राहिली. २०१३ मध्ये दाखल झालेली विक्रमादित्य आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेली नवीन विक्रांत, दोन्ही याच पद्धतीच्या आहेत. नवीन विक्रांत भारतात बांधलेली पहिली विमानवाहू नौका आहे. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सकडून २६ राफेल मरीन घेण्याचा करार झाला. सोबत भारतीय बनावटीच्या दोन इंजिनांच्या नौदल लढाऊ विमानाचं काम सुरू आहे. त्याआधी तेजसच्या नौदल आवृत्तीने जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्यवर उतरून दाखवलं.

स्वदेशी विमानाला वेळ का लागतोय, तोपर्यंत बाहेरून का घेतोय, असे वाद तुम्ही रील्समध्ये बघत असाल. त्यावर मत बनवण्याआधी सी हॅरियरची २००६ नंतरची दहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. विकत घेतलेलं विमान लवकर मिळतं, स्वतः बनवलेलं विमान जास्त काळ आपल्या हातात राहतं. नौदलाला सध्या दोन्ही लागतायत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सी हॅरियर सुपरसॉनिक होतं का?*
नाही. सरळ उड्डाणात त्याचा कमाल वेग ताशी सुमारे १,१८० किलोमीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या थोडा खाली होता.

*आज हवेत थांबणारं लढाऊ विमान आहे का?*
हो. अमेरिकन एफ-३५बी. त्यात तोल सांभाळायचं काम मुख्यतः कॉम्प्युटर करतो, त्यामुळे पायलटवरचा ताण हॅरियरपेक्षा बराच कमी असतो.

*सी हॅरियर प्रत्यक्ष कुठे बघता येईल?*
गोव्यात वास्कोजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर तिन्ही ठेवलेली आहेत. पुढच्या गोवा ट्रिपमध्ये बीचवरून दोन तास काढा. सी हॅरियरजवळ गेलात की बाजूची चार नोझल आणि पंखांच्या टोकाची छोटी चाकं आधी शोधा. बाकीचं विमान कसं चालायचं ते मग तुम्ही स्वतःच मित्रांना समजावून सांगाल.